पडद्यावरचा चोर आणि अब्रूचा दाखला



सिनेमातला चोर ओळखायला आपल्याला वेळ लागत नाही. काळा रंग, गळ्यात रुमाल, तोंडात बिडी, झोपडपट्टीची गल्ली, बाजूला उघडी नाली. एवढं दिसलं की अख्ख्या टाकीजला कळते, हा चोर. त्यानं अजून काही चोरलं पण नसते. आणि सावकार? त्यानं कागदावर अंगठा घेऊन चार एकर धानाच्या बांध्या गिळल्या तरी तो पडद्यावर फार तर वाईट माणूस असतो. त्याला चोर कोणी म्हणत नाही. राईस मिलातून सुटी झाली की गेटवर झडती हमालाची होते, मुनीमजीची होत नाही. तसंच हे.

आता टाकीज ओस पडल्या आणि सिनेमा मोबाइलात आला. पण चोराचं थोबाड तेच राहिलं. पोलीस ठाण्यातला जमादार तेच सिनेमे पाहून मोठा झाला, मास्तर तेच पाहून मोठा झाला, आपले कार्यकर्तेही तेच पाहून मोठे झाले. म्हणून हा विषय करमणुकीचा नाही. चोर ही जात कोणी बनवली, आणि पडद्यानं ती पुसली की गडद केली, हे एकदा इतिहासात जाऊन पाहू.

आधी कायदा, मग कॅमेरा

सिनेमा नंतर आला. आधी कायदा आला. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवात उत्तरेकडे झाली. १९११ साली नवा कायदा करून तो सगळ्या देशावर घातला, १९२४ साली पुन्हा आवळला. कायद्याचं तत्त्व सोपं होतं. इथं सुताराचं पोर सुतार, लोहाराचं पोर लोहार, तर चोराचं पोर चोर. म्हणजे इंग्रजानं आपल्या अकलेनं काही नवीन आणलं नाही. मनूचं गणित घेतलं आणि त्यावर सरकारी शिक्का मारला. पारधी, कैकाडी, भामटा, मांग गारुडी, कंजारभाट अशा जमातींची नावं रजिस्टरात चढली. मुंबई इलाख्यात मांगांनासुद्धा ठिकठिकाणी रोज हजेरी लावली. हजेरी द्या, गाव सोडायचं तर पास घ्या, रात्री घरात सापडला नाही तर तोच गुन्हा. आईच्या पोटातलं लेकरू जन्माआधीच आरोपी.

मुंबई इलाख्यात या लोकांना तारेच्या कुंपणात कोंडण्यासाठी सेटलमेंटा उभारल्या. सोलापूरची सेटलमेंट त्यात मोठी. मिलमजुरांनी ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. सोलापूरच्या सेटलमेंटातली माणसं तिथल्या सूतगिरण्यांत आणि कापडगिरण्यांत कामाला लावली जात. दिवसा मिलचा भोंगा, रात्री सेटलमेंटची हजेरी. पळून जाऊ न शकणारा, संप करायला घाबरणारा मजूर मालकाला आयता मिळाला. याला सुधारणा असं नाव होतं. चोराला कामाला लावून माणूस बनवणं, असं ते सांगत. चोर कोण ते त्यांनीच ठरवलं, काम कोणतं तेही त्यांनीच ठरवलं.

या सेटलमेंटांचा साहेब होता स्टार्ट नावाचा. १९२८ साली मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला एक समिती नेमली, तिचा अध्यक्ष हाच स्टार्ट. त्या समितीत सभासद म्हणून बाबासाहेब होते. १९३० साली अहवाल आला. गावोगावच्या अस्पृश्य आणि आदिवासींची गाऱ्हाणी बाबासाहेबांनी त्या कामात जवळून पाहिली. पुढं १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ शोधाचा ग्रंथ लिहिला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी तीन समाज एका रांगेत उभे केले. सुमारे २ कोटी गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, दीड कोटी आदिवासी आणि ५ कोटी अस्पृश्य. ज्या संस्कृतीनं एवढी माणसं अशा अवस्थेत ठेवली तिला संस्कृती तरी कसं म्हणायचं, हा त्यांचा सवाल होता. म्हणजे चोर ठरवलेला पारधी आणि विटाळ ठरवलेला महार हे बाबासाहेबांच्या हिशेबात एकाच खात्यात होते. आपण ते खातं पुढं वेगळं केलं. त्यावर शेवटी बोलू.

मुंबई प्रांतानं हा कायदा १९४९ साली रद्द केला. देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. म्हणून भटके-विमुक्त लोक त्या दिवसाला आपला मुक्तिदिन मानतात. देश सुटला १५ ऑगस्ट १९४७ ला, ही माणसं सुटली पाच वर्षं सोळा दिवसांनी. आणि सुटली म्हणायचं तरी कशी? लगेच सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ सालचा. जमातीचं नाव कागदावरून गेलं, पोलिसाच्या डोक्यातून गेलं नाही.

जज्जाचं रक्त

आता ही तारीख पकडून सिनेमाकडे या. राज कपूरचा ‘आवारा’ १९५१ च्या डिसेंबरात आला. म्हणजे हा कायदा देशात अजून जिवंत होता. त्या सिनेमातला जज्ज रघुनाथ हेच तत्त्व मानतो: शरीफाचं पोर शरीफ, चोराचं पोर चोर. त्याच तत्त्वावर तो जग्गाला शिक्षा देतो, कारण जग्गाचा बाप गुन्हेगार होता. सूड म्हणून जग्गा ठरवतो की जज्जाच्याच पोराला चोर करून दाखवतो. ख्वाजा अहमद अब्बास यांनी ही गोष्ट लिहिली तेव्हा त्यांना सांगायचं होतं की गुन्हा रक्तात नसतो, वस्तीत असतो, भुकेत असतो. त्या काळी पडद्यावरून हे सांगणं लहान गोष्ट नव्हती. त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे.

पण गोष्टीचा हिशेब तपासा. झोपडपट्टीत वाढलेला राजू शेवटी निघतो कोणाचा? जज्जाचा. ज्याच्यासाठी आपण रडतो तो मुळात बंगल्याचाच वारस असतो. आणि जग्गा, ज्याच्यावर खरा अन्याय झाला, ज्याला बापाच्या नावावरून जेल झाली, तो? तो शेवटपर्यंत खलनायकच राहतो आणि राजूच्या हातून मरतो. त्याच्यासाठी कोणी वकील उभा राहत नाही. चोराच्या पोराचा खटला सिनेमानं काढला आणि न्याय मात्र जज्जाच्या पोराला दिला. हा साचा पुढं हिंदी सिनेमात किती वर्षं चालला ते तुम्हीच आठवा. वस्तीतला हिरो आणि शेवटी हरवलेला बाप श्रीमंत. आपल्या खऱ्या बापाच्या नावावर हिरो होता येते, हे पडद्याला फार दिवस सुचलंच नाही.

दोन डोळे कोणाचे?

मराठी माणसाचा सिनेमा म्हटलं की शांताराम. त्यांचा ‘माणूस’ १९३९ सालचा. गणपत हवालदार धाड टाकायला जातो आणि मैना नावाच्या वेश्येत जीव गुंततो. तो तिला आपल्या आईच्या घरात, देवाच्या घरात न्यायला पाहतो. मैनेला त्या घरात पाऊल टाकता येत नाही. पुढं तिच्या हातून मामाचा खून होतो, आणि गणपत सोडवायला तयार असूनही ती जेलच पत्करते. शांतारामांनी बाईकडे दयेनं पाहिलं, हे खरं. पण अब्रूचं घर जसंच्या तसं उभं राहिलं. त्या घराचा उंबरठा मोडला नाही, बाई मोडली. बाहेरचा माणूस चांगला निघाला की त्यानं स्वतः होऊन दूर जावं, ही पांढरपेशांची फार जुनी अपेक्षा आहे. १९३६ च्या ‘अछूत कन्या’तली पोरगीसुद्धा शेवटी रेल्वेखाली जीव देते आणि मग तिचं स्मारक होते. मेल्यावर स्मारक, जिवंतपणी विहीर नाही.

मग १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’. याचं मूळ आपल्याच राज्यातलं. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूर नावाची खुली कैदी वसाहत सुरू झाली. शिक्षा झालेली माणसं भिंतीविना शेती करून राहतील, असा तो प्रयोग. त्याच माणदेशातले ग. दि. माडगूळकर या सिनेमाचे लेखक. बर्लिनला सिनेमा गाजला. सहा खुनी कैदी, एक जेलर, पडीक जमीन. जेलर त्यांच्याकडून मळा पिकवून घेतो.

या सिनेमात एक जागा खरी आहे. कैदी भाजी घेऊन बाजारात जातात आणि रास्त भावात विकतात, तेव्हा त्यांच्या जिवावर उठतात ते बाजारातले अब्रूदार व्यापारी. म्हणजे गुन्हेगार सुधारला की सगळ्यात आधी पोट दुखते ते इज्जतदाराचं. हे शांतारामांनी दाखवलं, शाब्बास. पण बाकी सिनेमाभर ते दोन डोळे जेलरचेच आहेत. हात बारा, डोळे दोन, आणि ते डोळे साहेबाचे. कैदी माणूस होतो तो साहेब पाहत असतो म्हणून. त्या सहांनी खून का केले, कोणत्या शेतावरून, कोणत्या कर्जावरून, याची पक्की चौकशी कोणी करत नाही. दया आहे, जाब नाही. सोलापूरच्या सेटलमेंटचा साहेब हा सिनेमा पाहता तर त्यालाही आवडला असता.

फकिरा हजेरी मोडतो

त्या सगळ्यांच्या उलट्या दिशेनं एक माणूस आला. अण्णा भाऊ साठे. वाटेगावचा मांग, जन्म १ ऑगस्ट १९२०. बापासोबत मुंबईत आला, गिरणीत राबला, चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहिलं. ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६३ साली ती पडद्यावर आली.

फकिरा चोर आहे का? इंग्रजाच्या रजिस्टरात आहे. दुष्काळात माणसं मरून राहिली तेव्हा तो धान्य लुटतो, सरकारी खजिना लुटतो आणि वाटतो. शेवटी सरकार त्याची माणसं ओलीस धरते आणि तो त्यांच्यासाठी स्वतः हजर होतो. इथं गोष्ट पहिल्यांदा उलटी झाली. गुन्हा कायद्याचा आणि अब्रू फकिराची. त्याला कोणी जज्ज बाप लागत नाही, कोणी जेलर लागत नाही. त्याची अब्रू त्याच्या मांगवाड्यातून येते. ‘आवारा’मधला जग्गा जर कोणी आतून लिहिला असता तर तो फकिरा झाला असता.

अण्णा भाऊंच्या आणखी कितीतरी कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले. सिनेमावाल्यांनी त्यांच्या गोष्टी घेतल्या. अण्णा भाऊ स्वतः १८ जुलै १९६९ ला गरिबीतच गेले. पडद्यावर तमाशा, फेटा, तलवार आली, पण लेखकाच्या घरात त्याचं धान्य आलं नाही. यालाही चोरी म्हणता येईल की नाही, ते तुम्ही ठरवा.

झोपडीचं चित्र, कोणासाठी?

१९८१ साली ‘चक्र’ आला. जयवंत दळवींच्या कादंबरीवर. स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि कामही तसंच होतं. नसीरुद्दीन शाहचा लुक्का, रोगानं पोखरलेला वस्तीतला दादा, कोण विसरेल? शेवटी वस्तीवर बुलडोझर येतो. पण सिनेमाच्या नावातच गोम आहे. चक्र. म्हणजे हे असंच फिरणार. कोण फिरवते, ते सांगायचं नाही. वस्तीतली माणसं कोणत्या गावातून, कोणत्या जातीतून, कोणत्या दुष्काळातून आली ते सांगायचं नाही. आणि बाहेर पोस्टरावर काय? नळावर आंघोळ करणारी बाई. जिला आंघोळीला आडोसा नाही, तिच्या आडोसा नसण्यावर तिकिटं विकली.

आणि त्याच १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईत सरकारनं फुटपाथवरल्या झोपड्या खरोखर उचलल्या. लोक सुप्रीम कोर्टात गेले. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, असं कोर्टानं म्हटलं. पण नोटीस देऊन झोपड्या हटवायला मोकळीकही ठेवली. फुटपाथवाले कोर्टात जाऊन घटनेवर बोट ठेवू शकतात, ही गोष्ट कोणत्या सिनेमात आली? बुलडोझर पडद्यावर आला, रिट अर्ज आला नाही. गरीब रडताना चालतो, अर्ज लिहिताना चालत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. त्यावर जयंत पवारांनी ‘अधांतर’ नाटक लिहिलं आणि त्यावरून २०१० साली ‘लालबाग परळ’ सिनेमा झाला. गिरणी बंद, बाप घरात बसलेला, पोरगा टोळीत. इथं निदान कारण सांगितलं. पोरगा वाईट रक्तानं बिघडला नाही, भोंगा थांबला म्हणून बिघडला. पण गिरणीच्या आतला गुन्हा यातही नाही. साचेखात्यात धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला त्या जास्त पगाराच्या खात्यात घेत नसत. घेऊ न देणारे कामगारच होते. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा सवाल लाल झेंड्यावाल्यांना जाहीर विचारला. तो अजून पडद्यावर यायचा आहे.

दगड पडद्यातून बाहेर

मग एकविसाव्या शतकात कॅमेरा हळूहळू हात बदलू लागला. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ २०१३ चा. कैकाड्याचं घर. रजिस्टरात ज्यांची नावं होती त्याच जमातीचं. पण या सिनेमात गुन्हाच नाही. जब्या चोरी करत नाही, मारामारी करत नाही. तो फक्त प्रेम करतो आणि डुक्कर पकडताना पोरीला दिसू नये म्हणून भिंतीआड लपतो. सगळी शिक्षा तरी त्यालाच. अब्रू म्हणजे काय ते त्या लपण्यात आहे. डुक्कर धरता धरता राष्ट्रगीत लागते आणि सगळे ताठ उभे राहतात. मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन जाताना शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई दिसतात. शेवटी जब्या दगड मारतो आणि तो दगड सरळ आपल्या तोंडावर येतो. इतकी वर्षं आपण पडद्याकडे पाहिलं. त्या दिवशी पडद्यानं आपल्याकडे पाहिलं.

२०१४ चा ‘कोर्ट’ त्याच्याही पुढं गेला. इथं आरोपी शाहीर आहे. गुन्हा काय? गाणं. गटारात उतरणारा सफाई कामगार मेला आणि पोलीस म्हणतात शाहिराच्या गाण्यानं त्याला आत्महत्या करायला लावलं. गटारात विनासाधन उतरवणारा मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात नाही. शाहिराचं काम केलं वीरा साथीदार यांनी. नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’चे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं ते गेले. आपल्या चळवळीचा माणूस आपल्याच चळवळीचं काम पडद्यावर करून गेला.

आणि २०२२ चा ‘झुंड’. हा तर आपल्या नागपूरचा. हिस्लॉप कॉलेजचे खेळशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, ती खरी हकिकत. पोट्टे नागपूरचेच, त्यांची बोली आपली. सिनेमात आंबेडकर जयंती येते आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं अमिताभ बच्चन उभा राहतो. पण मला त्यातली खरी लढाई मैदानातली वाटली नाही, कागदांची वाटली. एका पोराचा पासपोर्ट पोलीस केसमुळं अडतो. एका आदिवासी पोरीचा बाप ती कोण आहे याचा कागद मिळवायला दारोदार फिरतो. १८७१ च्या कायद्यानं जन्माआधी नाव रजिस्टरात चढवलं. आता उलटं, नाव कुठंच नाही म्हणून अडवलं. रजिस्टर तेच, धरणारा हात तोच.

मास्तराशिवाय ही पोरं उभी राहिली असती का, असा आक्षेप कोणी घेईल. बरोबर आहे. ‘झुंड’मध्येही एक चांगला साहेब लागतोच. पण या साहेबाला पोरं काय बोलतात ते ऐकावं लागते. जेलरच्या दोन डोळ्यांपासून इथवर यायला ६५ वर्षं लागली.

आपल्या गोंदियात

आता घरचं बोलू. आपल्या जिल्ह्यात सिनेमातल्यासारखा दादा फारसा नाही. पण गुन्हेगार पुष्कळ आहेत. सालेकसा, देवरीकडला गोंड लाकूड तोडतो तर १९२७ च्या जंगल कायद्याखाली गुन्हेगार. २००६ साली वनहक्क कायदा आला तरी दावा मंजूर होईस्तोवर तो चोरच. मोहाची दारू काढणारी बाई १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हेगार, आणि परवान्याच्या दुकानातली बाटली अब्रूदार.

आणि आपण? बौद्ध वस्तीत पोरं शिकली, नोकऱ्या लागल्या, पांढरा शर्ट आला. ही बाबासाहेबांची कमाई आहे, तिची लाज धरायचं कारण नाही. पण पांढऱ्या शर्टासोबत पांढरपेशी नजरही आली. पारध्याचं पाल गावाजवळ पडलं की आपल्याच वस्तीत कुलूप शोधणं सुरू होते. मांग गारुड्याचं पोर अंगणात आलं की बाया भांडी आत घेतात. ज्यांना गावानं विटाळ म्हणून दूर ठेवलं, ते आता दुसऱ्याला चोर म्हणून दूर ठेवून राहिले. १९४८ साली बाबासाहेबांनी ज्यांना आपल्या शेजारी लिहिलं त्यांना आपण शेजारी बसू देत नाही. अब्रू अशी मिळत असेल, दुसऱ्याच्या बेअब्रूवर, तर ती जुन्याच दुकानातून उधार आणलेली आहे. व्याज पुढच्या पिढीला भरावं लागेल.

३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. जेलमध्ये झाडूकाम खालच्या जातीला आणि स्वयंपाक वरच्या जातीला, ही वाटणी घटनाबाह्य ठरली. कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला. विमुक्त जमातीचा म्हणून माणसाला सराईत गुन्हेगार धरता येणार नाही, असं बजावलं. सुकन्या शांता या पत्रकार बाईनं हा खटला लढवला. म्हणजे ज्या रजिस्टरावर आपण बोलून राहिलो ते २०२४ पर्यंत जेलात उघडंच होतं.

म्हणून कार्यकर्त्यांनो, सिनेमा पाहा, वस्तीत दाखवा, पण दाखवल्यावर चार सवाल विचारा. या गोष्टीत चोर कोणाला म्हटलं आणि कोणाला म्हटलं नाही? कायदा कोणी केला? शेवटी अब्रूचा दाखला कोण देतो, आणि त्या माणसाला तो देण्याचा अधिकार कोणी दिला? कॅमेरा कोणाच्या खांद्यावर आहे? जयंतीच्या मंडपात एक रात्र गाण्यांची होऊ द्या, एक रात्र ‘फँड्री’ची होऊ द्या. आणि त्या रात्री पालावरच्या माणसांना बोलवा. मागं उभं ठेवू नका. पुढच्या रांगेत सतरंजीवर बसवा. सवाल आधी त्यांना विचारू द्या.

जय भीम.